"बटण. बटण. बटण."

"बटण. बटण. बटण." काल संध्याकाळी भाच्याच्या लॅपटॉपमधून एवढाच आवाज येत होता. टॅब दाबला की "बटण". पुन्हा दाबला, पुन्हा तेच.

त्याला जन्मापासून दिसत नाही. लॅपटॉप मात्र तो माझ्यापेक्षा भरभर चालवतो, एनव्हीडीए लावून. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं हे फुकट सॉफ्टवेअर मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणानंच २००६ साली सुरू केलं. वर्गातली पोरं खेळतात तो गेम त्याला खेळायचा होता.

शेवटी हाक आली. "मामा, यातलं सुरू करायचं कुठलंय तेवढं सांग की."

मी बघितलं. चार चित्रं. त्रिकोण, चाक, कप, फुली. अक्षर एकही नाही. "पहिलं," म्हणालो. त्यानं लक्षात ठेवलं. मग मध्येच जाहिरात आली, बटणांचा क्रम बदलला आणि पहिलं दाबल्यावर गेमच बंद झाला.

"राहू दे मामा. दर वेळी तू सोलापुरात थोडाच असणार आहेस?"

रात्रभर हेच वाक्य डोक्यात होतं. त्या त्रिकोणामागे कोडमध्ये 'खेळ सुरू करा' एवढं नाव लिहिलं असतं, तर एनव्हीडीएनं ते वाचलं असतं. बघणाऱ्याला स्क्रीनवर काहीच वेगळं दिसलं नसतं. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सुविधा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. पोरांच्या खेळापर्यंत ते कधी पोचणार?

तुमच्यापैकी कुणी ॲप बनवत असाल, तर आज एकदा मॉनिटर बंद करून, एनव्हीडीए लावून स्वतःचं ॲप उघडून बघाल का?