हॉट टब घेताय? ब्रँडच्या आधी डीलर बघा

हा अख्खा हिवाळा आमच्या घरात एकच चर्चा, हॉट टब, म्हणजे बाहेर ठेवून आत बसायचा गरम पाण्याचा मोठा टब, कुठला घ्यायचा. आम्ही अमेरिकेत मिनेसोटात राहतो, जानेवारीत उणे वीस-पंचवीस सेल्सियस इथे कुणाला नवीन नाही, आणि आई आता आमच्याकडेच असते, थंडीत तिचे गुडघे इतके आखडतात की सकाळी उठून दोन पावलं टाकायची तर भिंतीचा आधार लागतो. डॉक्टरांना विचारलं, तिचं बीपी वगैरे बघून ते म्हणाले पाणी फार कडक नको, थोडा वेळ बसू दे, मग आम्ही मनावर घेतलं. इथे ओळखीतले बरेच जण घ्यायचा विचार करतायत म्हणून जे कळलं ते एकदाच सगळं लिहून टाकते.

शोरूममध्ये नावं भरपूर दिसतात पण मागे मालक तेवढे नाहीत. हॉट स्प्रिंग आणि काल्डेरा दोन्ही कॅलिफोर्नियातल्या वॉटकिन्स वेलनेसचे. जकुझी आणि सनडान्स एकाच घरातले. बुलफ्रॉग युटाचा, मास्टर स्पाज इंडियानाचा, आर्क्टिक स्पाज कॅनडातल्या अल्बर्टाचा. आणि आतला कंट्रोल बोर्ड बघायला गेलात तर बऱ्याच कंपन्या तो बल्बोआ नाहीतर गेको यांच्याकडूनच घेतात. त्यामुळे "हा ब्रँड बेस्ट, तो बेकार" असं कोणी छातीठोक सांगितलं की मी आता विचारते, नक्की कुठल्या बाबतीत?

जकुझीची गोष्ट मात्र मला मनापासून आवडली. इटलीहून आलेले जकुझी भाऊ आधी विमानांचे प्रोपेलर आणि नंतर विहिरीचे पंप बनवायचे, त्यातल्या कँदिदोच्या लहान मुलाला संधिवात होता, त्याला घरीच पाण्याचा शेक मिळावा म्हणून कँदिदोने बाथटबात सोडायचा पंप बनवला आणि तोच पंप 1956 मध्ये बाजारात आला. म्हणजे हे सगळं श्रीमंतीच्या चैनीतून नाही, दुखणाऱ्या सांध्यांसाठी सुरू झालं. आईला सांगितलं तर म्हणाली, मग वज्रेश्वरीच्या कुंडात लोक दुसरं काय करतात?

आता कामाचं. सेल्समन आधी जेट्स, म्हणजे पाण्याचा झोत सोडणारी तोंडं, मोजून दाखवतो, पन्नास, साठ, सत्तर. त्या आकड्याला भुलू नका. पंप तेवढाच असेल आणि जेट्स वाढवले तर प्रत्येकातून येणारा जोर कमीच होणार. पंपाचा हॉर्सपॉवर विचारताना पण सतत चालतानाचा विचारा, कारण जाहिरातीत बऱ्याचदा सुरू होतानाचा सगळ्यात मोठा आकडा छापलेला असतो.

आमच्यासारख्या थंडीत खरा खेळ इन्सुलेशनचा आणि कव्हरचा आहे. काही टबमध्ये बाहेरचं कॅबिनेट आणि शेल, म्हणजे ज्यात पाणी असतं तो आतला भाग, यांच्यामधली सगळी पोकळी फोमने भरलेली असते, काहींमध्ये फक्त कॅबिनेटच्या आतून थर लावलेला असतो. पूर्ण फोम उष्णता छान धरतो पण पाइप गळला तर फोम उकरून तो शोधावा लागतो, दुसऱ्यात दुरुस्ती सोपी. वीजबिलाबद्दल तोंडी आश्वासनं ऐकत बसू नका, कॅलिफोर्नियाच्या नियमामुळे तिथे विकल्या जाणाऱ्या मॉडेल्सचा नुसतं कव्हर घालून पाणी गरम ठेवायला किती वॅट लागतात तो आकडा त्यांच्या एनर्जी कमिशनकडे नोंदवलेला असतो, कोणालाही बघता येतो. साधारण सारख्या साइजच्या मॉडेल्सचे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. आणि कव्हर हाताने उचलून बघा, फोम किती जाड आहे, मधल्या घडीतून वाफ निसटेल का, कारण कव्हरमध्ये पाणी मुरलं की ते जड होतं आणि उष्णता धरणं संपलं.

साध्या 120 व्होल्टच्या सॉकेटवर चालणारे टब स्वस्त पडतात, इलेक्ट्रिशियनचा खर्च वाचतो, पण त्यांचा हीटर एक-दीड किलोवॅटचा असतो आणि बऱ्याच मॉडेल्समध्ये जेट्स जोरात चालू असताना हीटर बंद राहतो. टेक्सासात चालेल, इथे उणे वीसला कव्हर उघडून बसलं की पाणी निवत जाणार. म्हणून आम्ही 240 व्होल्टचंच ठरवलंय. त्याला बहुतेक 50 अँपची वेगळी लाइन लागते आणि बंद करायचा स्विच टबपासून निदान पाच फूट लांब पण नजरेसमोर हवा. हे काम परमिट काढूनच करा, पाणी आणि वीज एकत्र आहे, इथे काटकसर नको.

सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते आईला शोरूममध्ये घेऊन गेल्यावर. बरेच डीलर भरलेल्या टबमध्ये बसून बघू देतात, आधी फोन करायचा आणि स्विमसूट न्यायचा, आईने कुर्ता-लेगिंग्ज चालतील का विचारलं तर चालेल म्हणाले. जी आडवं पडायची सीट मला ब्रोशरमध्ये फार आवडली होती त्यात आई तरंगायलाच लागली, पाय टेकेनात, घाबरली बिचारी. पाच फुटाच्या आतल्या माणसाला ती सीट काही कामाची नाही. शिवाय टबाची उंची तीन फुटांवर, म्हणजे रुंद पायऱ्या आणि धरायला दांडी हवीच. हे कुठल्याही ब्रँडच्या तुलनेत मला वाचायला मिळालं नव्हतं. घरात वयस्कर माणूस असेल तर त्यालाच आधी बसवून बघा, रंग-लाइट-स्पीकर नंतर.

आणि डीलर. कडाक्याच्या थंडीत पंप बंद पडला आणि माणूस आठवडाभर आला नाही तर पाइपातलं पाणी गोठून फुटायला वेळ लागत नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणी मी हेच विचारलं, टेक्निशियन तुमचा स्वतःचा की बाहेरचा, पार्ट्स इथे ठेवता की मागवता, वॉरंटीत मजुरी धरली आहे का. शेलची वॉरंटी लांबलचक असते, पण बिघडतात ते पंप, हीटर आणि बोर्ड, तेव्हा त्यांची वर्षं वेगळी लिहून घ्या. एका दुकानात या प्रश्नांवर नुसतं हसून विषय बदलला, ते नाव मी यादीतून तिथेच काढलं, टब चांगला असूनही.

आता आमचे दोन उरलेत, एक काल्डेरा आणि एक बुलफ्रॉग, दोन्हीत आईचे पाय नीट टेकतात. काल्डेराच्या डीलरचं वर्कशॉप घरापासून वीस मिनिटांवर आहे, त्यामुळे मन तिकडेच झुकतंय. मात्र 400 गॅलनचा टब भरला की नुसत्या पाण्याचंच वजन दीड टन, आमचा लाकडी डेक ते पेलणार नाही, म्हणून बर्फ वितळून जमीन मोकळी झाली की आधी काँक्रीटचा ओटा घालून घेतोय, ऑर्डर त्यानंतर.