ही एवढीशी स्ट्रॉबेरी कशाला लावता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. परसात आलेला जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, "काकू, बेळगावच्या बाजारात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी मिळते की, मग ही नखाएवढी कशाला?"

वासासाठी. चार फळं पिकली की कुंडीजवळ वाकायचीही गरज पडत नाही.

बाजारातली मोठी स्ट्रॉबेरी तशी नवीच. १७१४ साली फ्रेझिए नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्यानं चिलीतून थोराड फळांची रोपं जहाजातून फ्रान्सला नेली. सगळी मादी निघाली, फळ धरेना. शेजारी उत्तर अमेरिकेतली जात आली तेव्हा कुठे धरलं, आणि त्या दोघींच्या संकरातून आजची स्ट्रॉबेरी झाली. त्याआधी युरोपातले लोक रानातून वेचून खायचे ती ही माझी. त्यातलीही आल्प्सकडची जात. हिला रनर, म्हणजे जमिनीवर पसरून नवी रोपं देणारे धुमारे, सुटत नाहीत, म्हणून रोपं बियांपासूनच करायची.

पहिल्यांदा मी फसले. नर्सरीतून 'रानस्ट्रॉबेरी' म्हणून आणलेल्या रोपाला पिवळी फुलं आली. फळ लालचुटुक, चव मात्र नुसती पाण्याची. ती वेगळीच वनस्पती. खरीचं फूल पांढरं असतं. पैशापेक्षा वर्ष वाया गेल्याचं वाईट वाटलं.

मग बी मिळवलं. खसखशीएवढं असतं, मातीवर नुसतं पसरायचं, झाकायचं नाही, त्याला उजेड लागतो. महिनाभर धीर धरायचा. आपली लाल माती, शेणखत, थोडी वाळू. पानं फुटतात तो गड्डा मातीच्या वरच राहिला पाहिजे. मिरग लागला की कुंड्या पडवीत. एका वर्षी त्या बाहेरच राहिल्या आणि गणपतीपर्यंत सगळे गड्डे कुजले. आपल्याकडचा पाऊस तिला सोसत नाही. उन्हाळ्यात पेरूच्या सावलीत ठेवते.

माझं माहेर जांबोटीकडचं. करवंदं जाळीतूनच तोंडात टाकायची सवय, तसंच हे फळ. नीट पिकलं की बोट लावताच हिरवी टोपी देठावर ठेवून अलगद हातात येतं. दुपारपर्यंत त्याला पाणी सुटतं. खानापूरला बहिणीसाठी डबा भरून नेला, तर एसटीतून उतरेपर्यंत आत नुसता लगदा. बाजारात ही दिसत नाही ती एवढ्यासाठीच.

चव बघायची असेल तर संक्रांतीनंतर सकाळी या. आठच्या आत या, बुलबुल त्याच सुमारास येतात.