शनिवारी हँगरात परत, रविवारी ५० मिनिटं आकाशात

आठवडाभर मी कारखान्यात प्रवासी विमानांच्या पंखांचे सुटे भाग तपासतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून लोकांशी हुज्जत घालायचा मला पगार मिळतो. सुट्टी मात्र आम्ही चौघांनी मिळून घेतलेल्या जुन्या सेस्ना १७२ या छोट्या विमानाची. शुक्रवारी रात्रभर बर्फ पडला, त्यामुळे शनिवारची सुरुवात फावड्याने झाली. मी उपसत होतो आणि लेक तोच बर्फ परत पसरत होती. "बाबा, आज वर जायचं ना?" "बघू," म्हणालो. घरी असंच सांगत जा. हिवाळ्यात उड्डाणाचा शब्द देऊ नये.

हँगरवर, म्हणजे विमानाच्या शेडवर, पोचलो तेव्हा नुसती भुरभुर उरली होती. आत हीटर चालू, विमान छान उबदार. दार उघडलं, विमान ढकलून बाहेर काढलं, आणि इथेच माती खाल्ली. पत्रा गरम असल्यामुळे भुरभुर त्यावर पडताच वितळली. मग पत्रा निवला आणि ते पाणी जागच्या जागी गोठलं. शिडीवरून पाहिलं तर पंख फक्त ओला वाटत होता. हातमोजा काढून बोटं फिरवली तर सँडपेपर!

पंखाच्या पुढच्या कडेवर आणि वरच्या पृष्ठावर एवढा खरखरीतपणा आला, तर लिफ्ट (विमान वर उचलणारा जोर) ३० टक्क्यांपर्यंत घटू शकते आणि ड्रॅग (हवेचा मागे ओढणारा अडथळा) ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. हा आकडा मी नवशिक्यांना तोंडपाठ ऐकवतो. कॅनडात ड्रायडनला १० मार्च १९८९ रोजी एका फोकर एफ-२८ ने पंखांवर बर्फ असतानाच उड्डाण केलं. ६९ पैकी २४ जण गेले. आमचं तर चार सीटचं खेळणं. गुपचूप आत ढकललं.

तेव्हा बर्फ पडत असेल तर विमान उबेतून थेट बाहेर काढू नका. आधी दारं उघडून ते आतच गार होऊ द्या, म्हणजे कोरडा बर्फ चिकटत नाही, मऊ झाडूने निघतो. गरम पाणी ओतायचा मोह आवरा. ते फ्लॅप आणि एलेरॉन, म्हणजे पंखामागच्या हलत्या पट्ट्या, यांच्या बिजागऱ्यांत शिरून गोठतं. आणि डोळ्यांवर विसंबू नका, हात फिरवा.

"एवढ्यात आलास?" बायकोने विचारलं. तिने गॅरेजमधला पसारा दाखवला. उरलेला शनिवार त्यात गेला, त्याबद्दल काही लिहीत नाही.

रविवारी आभाळ निरभ्र, तापमान उणे १४. इंजिनाला दीड तास प्रीहीट दिलं, म्हणजे सुरू करण्याआधी बाहेरून ऊब दिली. गोठलेल्या इंजिनाला थ्रॉटल (वेग कमीजास्त करायचा दांडा) मागेपुढे पंप करून चेतवायला गेलात, तर कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल पेटायची भीती असते. तेवढ्या वेळात ब्रीदर पाइपचं, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीचं, तोंड मोकळं आहे का ते बघा. तिथे बाष्प गोठलं की क्रँककेसमधला (इंजिनाच्या पेटीतला) दाब वाढून पुढचं सील फुटू शकतं. हे बरेच जण विसरतात. चाकांची झाकणं आम्ही थंडीभर काढूनच ठेवतो, नाहीतर आत बर्फ भरून ब्रेक धरून बसतात.

लेकीला बूट, टोपी, जाड जाकीट सगळं चढवूनच बसवलं. हीटर आहे म्हणून घरातल्या कपड्यांत उडू नये. विमान कुठे शेतात उतरवावं लागलं तर हीटर इंजिनाबरोबरच जातो. शिवाय ही उबदार हवा एक्झॉस्टच्या मफलरभोवतून येते. मफलरला चीर गेली तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो, आणि त्याला वास नसतो. डिटेक्टर हवाच.

थंड, दाट हवेत आमची म्हातारी तरण्यासारखी चढली. खाली कुंपणं, ओढे, रस्ते सगळं एकाच पांढऱ्या चादरीखाली गडप. नेहमीच्या खुणा सापडेनात. उंची दाखवणाऱ्या अल्टिमीटरवरही डोळे मिटून भरवसा नको. उणे २० तापमानात, विमानतळापासून १००० फूट वर आहोत असं तो दाखवतो तेव्हा विमान त्याहून साधारण १४० फूट खालीच असतं. डोंगराळ भागात हा फरक जिवावर बेततो.

उतरताना पांढऱ्या धावपट्टीची उंची कळेना. कडेच्या दिव्यांवर नजर ठेवून, थोडी पॉवर ठेवून हळूच टेकवलं. ब्रेकला हात... म्हणजे पाय, लावलाच नाही.

५० मिनिटांच्या उड्डाणाला जमिनीवर साडेतीन तास लागले. घरी वेळ सांगताना हा हिशेब धरा. मी धरला नव्हता. हँगरमधून फोन केला, "उतरलो, निघतोय."

"गाडी बाहेरच लाव," बायको म्हणाली. "रस्ता साफ करणाऱ्यांनी आपल्या दारात पुन्हा ढीग घातलाय. फावडं पायरीशी ठेवलंय."