पहिली फार बोलते

मे महिन्यातली दुपार, अडीच-पावणेतीन वाजलेले, म्हणजे पुण्यात कोणी कोणाला फोन करू नये अशी वेळ, आणि नेमका मित्राचा फोन. "दोन गिटारी आल्यात, हातानं बनवलेल्या. एक राहणार, एक परत जाणार. ये ऐकायला, मला आता दोन्ही सारख्याच वाजायला लागल्यात." हा एरंडवण्यात राहतो, क्लासिकल गिटार शिकवतो. मी लगेच निघालो. गाडीची डिकी उघडेना म्हणून सीटखाली बोटं घालून जोर लावला तर कट्कन आवाज झाला आणि उजव्या हाताच्या अनामिकेचं नख अर्धं गेलं.

आता ज्यांनी ही नखं पाळलीत त्यांना वेगळं काही सांगायला नको. डाव्या हाताची पार कापलेली, उजव्याची तारा छेडायला वाढवलेली, आणि बँकेत सही करताना समोरचा माणूस आधी नखांकडे बघतो, मग आपल्याकडे, मग परत नखांकडे. काही जण पिंगपाँगच्या बॉलचा तुकडा कापून फेविक्विकनं चिकटवतात. मीही एकदा केलं होतं, वरण-भात कालवताना ते नख ताटात निघून आलं आणि तो विषय घरात कायमचा बंद झाला. असो. तर तुटकं नख घेऊन मी लाखालाखांच्या गिटारींची पारख करायला गेलो.

दोन्ही स्पेनमधून आलेल्या, एकेका माणसानं एकट्यानं बसून केलेल्या. एकीचं वरचं लाकूड सीडरचं, तांबूस, चहा जरा जास्त उकळल्यावर होतो तसं. दुसरीचं स्प्रूसचं, फिकट. मागची बाजू आणि कडा दोन्हींच्या शिसवी. मी पहिली मांडीवर घेतली आणि तारेला हात न लावता ब्रिजच्या, म्हणजे तारा जिथे बांधतात त्या पट्टीच्या, शेजारी वाकवलेल्या बोटानं ठोकून बघितलं. मग जरा खाली. मग कडेला. मित्र म्हणाला, "माठ घेतोयस का?"

आणि खरंच मी माठच घेत होतो.

आजी दर वर्षी चैत्रात माठ घ्यायला मला कसब्यातल्या कुंभारवाड्यात घेऊन जायची. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन, माझं काम एवढंच की येताना चुंबळ आणि तिची पिशवी धरायची. ती तिथे पोचली की आधी बोटातली अंगठी काढून कनवटीला लावायची, कारण अंगठी लागली की सगळेच माठ छान वाजतात. मग पदर खोचून उकिडवी बसायची आणि एकेक माठ डाव्या हातावर तोलून उजव्या हाताच्या बोटाचं पेर टेकवायची. ठोकायची नाही हं, टेकवून सोडायची. टण्ण. बाजूला. टण्ण. बाजूला. मधेच एखादा बद्द वाजला की काही न बोलता तो लांब सरकवायची, जणू त्यानं घराण्याचं नाव घालवलं. कुंभार वैतागून म्हणायचा, आजी सगळे एकाच भट्टीतले आहेत, सारखेच आहेत. त्यावर ती, "सारखे आहेत तर तुला काय, मी कुठलाही नेईन." या उत्तरावर त्याच्याकडे कधीच उत्तर नसायचं. दहा-अकरा माठ ऐकून ती परत तिसऱ्यावर यायची, अंगठी घालायची, आणि मग भाव.

एका वर्षी असा खणखणीत माठ मिळाला की ती वाटेत दोनदा थांबून मला वाजवून दाखवत होती. देवळातल्या घंटेसारखी आस होती त्याला, टिचकी मारली की आवाज मागे रेंगाळायचा. घरी आणला, दोन दिवस पाण्यात ठेवला, भरला. पाणी काही गार होईना. चार दिवस झाले, आठ झाले, वाळा घालून झाला, खाली ओली वाळू ठेवून झाली. शेवटी शेजारच्या काकांनी सांगितलं की माठ जास्त भाजला गेलाय. जास्त भाजला की माती घट्ट होते, छिद्रं बुजतात, पाणी झिरपत नाही, आणि झिरपलं नाही तर गार कुठून होणार. आणि तो जो टण्ण आवाज होता ना, तो नेमका त्याचाच. म्हणजे आजी इतकी वर्षं तडा गेलेला माठ बरोब्बर ओळखत होती आणि त्याच कानानं त्या वर्षी तिनं सगळ्यात गार न करणारा माठ निवडून आणला होता. तिनं हे शेवटपर्यंत मान्य केलं नाही. "पाणी गार नसेल होत, पण माठ चांगलाय" असं म्हणायची. पुढे त्यात तांदूळ ठेवायचे.

तर गिटार. बनवणारे लोकही वरची फळी अशीच ठोकत बसतात, तासत जातात, परत ठोकतात, अडीच मिलिमीटरच्या आसपास जाडी उरेपर्यंत. सगळा जीव त्या फळीत. आजची क्लासिकल गिटार जिच्यावरून उतरली तो आल्मेरियाचा आंतोनियो दे तोर्रेस, त्यानं १८६२ साली एक गिटार अशी केली की वरची फळी नेहमीसारखी स्प्रूसची आणि मागची बाजू नि कडा चक्क कागदी पुठ्ठ्याच्या, हे दाखवायला की आवाज वरच्या फळीत असतो. ती बार्सिलोनाच्या म्युझियममध्ये अजून आहे. मला या माणसाचं फार कौतुक वाटतं, हा आमच्या पेठेत खपला असता. मुद्दा सिद्ध करायला अख्खी गिटार बनवायची.

पण मग ती मागची शिसव कशाला, असं मी मित्राला विचारलं तर तो म्हणाला दिसायला, आणि विकायला. आमच्या वाड्यात माजघरात शिसवी पलंग होता, काळाभोर, हलवायला चार माणसं लागायची, दुपारी त्याच्या फळीला कान लावून झोपलं की खालच्या मजल्यावर कोणी जिना चढतंय ते आत ऐकू यायचं. वाडा पाडला तेव्हा तो भंगारवाल्यानं वजनावर नेला. आमच्याच सह्याद्रीतलं हे झाड. तिच्याच जातीच्या ब्राझीलच्या रोझवूडच्या व्यापारावर १९९२ पासून जवळजवळ बंदीच आहे, जगातले गिटारवाले त्याच्याही आधीपासून आपल्या शिसवीवर आलेत, आणि ती तिकडे जाऊन पातळ होऊन गोल होऊन इथे परत येते तेव्हा तिची किंमत ऐकून मला आमचा पलंग आठवतो. चार माणसांना उचलावा लागणारा पलंग. त्यात किती गिटारी झाल्या असत्या याचा हिशोब मी एकदा केला होता, परत करणार नाही.

ठोकून झाल्यावर वाजवणं आलं. माझा एक ठरलेला क्रम आहे आणि तो मी कोणाच्या सांगण्यावरून बदलत नाही. आधी पहिल्या तारेवर एकेक फ्रेट, म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी, चढत जायचं, एकसारखं, घाई न करता, बाराव्याच्या पुढेपर्यंत. कुठेतरी एखादा सूर मध्येच खाली बसतो, बाकीचे चार सेकंद टिकले तर हा दीडच. तो सापडला की मला विकृत आनंद होतो. मग सहाव्या तारेवर तिसरा-चौथा फ्रेट. तिथे बहुतेक गिटारींच्या पोटातल्या हवेचा स्वतःचा सूर असतो, आणि तार नेमकी तिथे आली की आवाज भुसकन मोठा येतो आणि लगेच विझतो, आरंभशूर माणसासारखा. कुठल्या गिटारीत तो किती त्रास देतो एवढाच प्रश्न. मग बाराव्या फ्रेटवर तारेची उंची, जाड तारेखाली चार मिलिमीटर, बारीक तारेखाली तीन, यापेक्षा फार वर असेल तर बार लावताना, म्हणजे एकाच बोटानं सगळ्या तारा दाबताना, तर्जनी रडते. ती कमी करता येते, सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात ती छोटी पट्टी, दोन मिलिमीटर घासलं की बाराव्यावर एक कमी होतो, पण दुसऱ्याची गिटार घासायची भाषा पहिल्या भेटीत करू नये एवढं मला कळतं.

आणि मग मी वाजवतो. आणि इथेच सगळं फसतं, कारण मी गेली बारा वर्षं प्रत्येक गिटारीवर त्याच चार ओळी वाजवतोय. दुकानात, मित्राकडे, एकदा मिरजेत सतारी बघायला गेलो तेव्हा कोपऱ्यात कोणाची तरी पडलेली गिटार दिसली तर तिच्यावरही. तिथल्या कारागिरानं शांतपणे ऐकून घेतलं आणि जवारी, म्हणजे सतारीच्या तारा टेकतात ती पट्टी, घासायला परत मान खाली घातली. सतारवाल्यांचं बरं असतं, जवारी खुली आहे, बंद आहे, गोल आहे, एका शब्दात काम होतं. आम्ही गिटारवाले मात्र "जरा वॉर्म आहे", "मिड्स छान आहेत" असलं बोलत बसतो. माझ्याकडे खरे शब्द म्हणजे आजीचेच. खणखणीत, बसका, चिरका, पोकळ, आणि बद्द.

सीडरवाली लगेच आवडली. नुसती तार छेडली तरी खोली भरली, खालचे सूर गोल, मधाळ. सीडर गिटारीत आणला तो १९६० च्या दशकात माद्रिदच्या तिसऱ्या होसे रामिरेझनं, आणि वाजवणारे त्याच्यावर का भाळले असतील ते पहिल्या मिनिटात कळतं. तुमची अर्धी मेहनत तीच करते. स्प्रूसवाली त्या मानानं अवघडलेली, म्हणजे तुम्ही जेवढं द्याल तेवढंच ती देणार, वर काही नाही. आणि माझं नख तुटलेलं, त्यामुळे अनामिकेचा प्रत्येक सूर तिच्यावर फटाफट उघडा पडत होता. एक बोट मांसानं, दोन बोटं नखानं. सीडरवर हेच सगळं साजरं दिसलं होतं. मी मनात निकाल लावून टाकला होता, पहिली.

तेवढ्यात काकू, म्हणजे मित्राची आई, पन्हं घेऊन बाहेर आल्या. काकू गाणं शिकलेल्या नाहीत. पण सवाईला सतरंजीवर बसून त्यांनी किती रात्री काढल्यात आणि मुलाच्या शिकवण्या स्वयंपाकघरातून किती वर्षं ऐकल्यात त्याचा हिशोब नाही. त्यांना कुठली कुठली हे दिसलेलंही नव्हतं. पेला माझ्या हातात देत म्हणाल्या, "दुसरी ठेवा रे. पहिली फार बोलते."

मी म्हटलं, काकू, पण आवाज तर पहिलीचाच मोठा होता.

"तेच म्हणतेय ना मी," म्हणाल्या, आणि वेलची जास्त झालीय का विचारलं. झाली होती. मी नाही म्हणालो.

मित्र हसला, म्हणाला आपण दोघं डोळे बांधून ऐकू. असा प्रयोग खरोखर झालाय, इंग्लंडमध्ये, लॅंकेस्टर विद्यापीठाच्या लोकांनी केला, २०१८ साली छापून आला. तो स्टीलच्या तारांच्या गिटारींवर होता, पण गंमत तीच. सहा गिटारी, सगळं सारखं, फक्त मागचं लाकूड वेगवेगळं, आणि ५२ गिटारवाल्यांना अंधाऱ्या खोलीत वेल्डिंगचे गॉगल घालून वाजवायला बसवलं. महाग लाकडात आणि स्वस्त लाकडात फारसा फरक कोणाला धड लागला नाही. तोर्रेसचा पुठ्ठा दीडशे वर्षांनी परत जिंकला म्हणायचं. मी डोळे बांधायला नकार दिला. आजीनंही दिला असता. अंगठी काढणं वेगळं, डोळे बांधणं वेगळं.

मग आम्ही जागा बदलली, मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि त्यानं दोन्ही वाजवल्या, चांगल्या नखांनी. पहिली तिथवर आली ती गोधडीत गुंडाळून आल्यासारखी, होती मोठी पण सूर कुठला ते नीट लागेना. दुसरीचा एकेक सूर मोजून घ्यावा असा सुटा. मित्र मधल्या ओळीत कुठेतरी उगाच हळू झाला आणि ते हळू होणं दारापर्यंत जसंच्या तसं आलं. काकू गॅसपाशी उभ्या होत्या, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, दुधाकडे बघत होत्या.

मी निकाल दिला नाही. म्हटलं नख वाढू दे, मग परत ऐकतो. नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, म्हणजे जूनचा शेवट धरा. तोपर्यंत पाऊस लागलेला असणार, आता मे मधल्या कोरड्या हवेत आकसलेलं लाकूड तेव्हा पाणी पिऊन फुगलेलं असेल, वरची फळी फुगून तारा उचलल्या जातील, बाराव्या फ्रेटवरचे चार मिलिमीटर काही चार राहायचे नाहीत, आणि मी ज्या ऐकून आलो त्या दोन्ही गिटारी तेव्हा त्या घरात नसतील, त्याच असल्या तरी. हे मी मित्राला समजावून सांगायला लागलो तर तो म्हणाला एक परत पाठवायची तारीख पंधरा जून आहे.

निघताना काकूंना म्हटलं, येतो परत, नख आलं की.

"ये," म्हणाल्या. "पण पन्हं नसेल हं तेव्हा, कैऱ्या संपतात."