फिंचसाठी घरचं कॅल्शियम: माझं घोडं चाळणीपाशी अडलं

‘अंड्याची टरफलं उकळा, वाळवा, मिक्सरमधून काढा, झालं.’ फिंचना, म्हणजे पिंजऱ्यात पाळतात त्या चिमुकल्या पक्ष्यांना, घरचं कॅल्शियम द्यायचं म्हटलं की जो तो एवढंच सांगून मोकळा होतो. उकळणं-वाळवणं खरंच काही नाही. पण त्या ‘मिक्सरमधून काढा’ने माझा जो जीव खाल्ला, त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. म्हणून हे लिहितेय.

मुळात गरज का पडते? पिंजऱ्यातल्या फिंचचं पोट दाण्यांवर चालतं: राळा, इतर बारीक मिलेट, कॅनरी सीड. त्यात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नावापुरतं. नराचं एरवी भागून जातं. पण झेब्रा फिंचची मादी जेमतेम १२ ते १५ ग्रॅमची आणि ती साधारण ४ ते ६ अंडी घालते, रोज एक, प्रत्येक सुमारे १ ग्रॅमचं. कवचाला कॅल्शियम कमी पडलं की ते तिच्याच हाडांतून ओढलं जातं. तेही पुरलं नाही तर अंडं आत अडकू शकतं. आमची जोडी घरटं भरायला लागली तशी मी टरफलं जमवायला लागले.

टरफलात जवळपास ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट असतं. साल्मोनेला जंतूंची भीती नको म्हणून १० मिनिटं खळखळ उकळली, मग ओव्हनमध्ये १२० अंशांवर कडक कोरडी केली. ओव्हन नसेल तर तव्यावर मंद आचेवर परतायची, फक्त करपू द्यायची नाहीत.

आणि आता तो मिक्सर. भांडं फिरवलं की दोनच गोष्टी हाती लागतात: तळाशी टाल्कम पावडरसारखी भुकटी आणि वर धारदार कपच्या. फिंच एकेक कण चोचीत उचलून खातो. भुकटी त्याला उचलताच येत नाही, पंख फडफडवले की ती पिंजराभर उडते. कपच्या तो उचलतो, उलटसुलट करतो आणि टाकून देतो. ‘मग भुकटी दाण्यांवर भुरभुरवा’ असंही सांगतात. अहो, फिंच दाणा सोलून खातो! साल खाली पडते, सालीवरचं कॅल्शियमही तिच्याबरोबर.

त्याला हवा राळ्याच्या दाण्याएवढा कण, आणि तो मिक्सर देत नाही. जास्त फिरवा, भुकटी वाढते. कमी फिरवा, कपच्या उरतात. त्यात आतला पापुद्रा. पक्ष्याला तो बाधत नाही, पण टरफलाचे तुकडे धरून ठेवतो आणि चाळणीची भोकं बुजवतो. एका शहाण्याने व्हिनेगरमध्ये भिजवायला सांगितलं, म्हणे पापुद्रा सुटतो. सुटेल हो, कारण टरफलच विरघळतंय! ते बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे. ज्या कॅल्शियम कार्बोनेटसाठी हा खटाटोप, तेच पाण्यात जायचं. पापुद्रा काढायचा तो उकळल्याबरोबर, हाताला सोसेल इतपत निवलं की, पाण्यातच अंगठ्याने. वाळला की तो टरफलाला असा चिकटतो की नखं झिजतील.

अखेर खलबत्ता काढला आणि दोन चाळण्या घेतल्या, एक मोठ्या भोकांची, एक बारीक. मोठीतून पडलं आणि बारकीवर राहिलं ते आपलं. वर उरलेलं परत खलात. बारकीतून गळलेली भुकटी उकडलेल्या अंड्याच्या चुऱ्यात कालवायची, ओलसर असल्याने तिथे ती चिकटते. काही वाया जात नाही, याचा मला आजही उगाचच अभिमान वाटतो.

कण दाण्यांत मिसळू नका, वेगळ्या वाटीत ठेवा. वाटी दांडीच्या खाली नको, विष्ठा पडते. मादीची त्या वाटीवर खरी धाड संध्याकाळी पडते. ते बरोबरच आहे, अंडं सकाळी येतं आणि कवच चढतं रात्री. तेव्हा संध्याकाळी वाटी रिकामी नको.

कटलबोन, म्हणजे समुद्रफेन (कटलफिश या समुद्री प्राण्याच्या अंगातलं पांढरं, चुनखडीसारखं कवच), त्याची मऊ बाजू पक्ष्याकडे करून अडकवायचा. टरफलं देत असलात तरी तो असू द्या.

हो, ड जीवनसत्त्वाचं राहिलंच. डी-३ नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. काचेतून येणाऱ्या उन्हाचा त्यासाठी उपयोग नाही, अतिनील-ब किरण काच अडवते. पिंजरा थोडा वेळ उघड्या कोवळ्या उन्हात, अर्ध्या भागावर सावली ठेवून. डी-३चे थेंब मनाने देऊ नका, जास्त झालं तर विषारी ठरतं. पालकावरही भिस्त नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं.

मादी फुगून पिंजऱ्याच्या तळाशी बसली असेल, शेपूट हलवत कुंथत असेल, तर माझी ही वाटी, चाळण्या सगळं बाजूला ठेवा. तेव्हा टरफलाचा उपयोग नाही. तिला ऊब द्या आणि ताबडतोब पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या.