चिमणीतली धूळ मोजताना आकडा कुठे बिघडतो

स्टॅक मॉनिटरिंगचा, म्हणजे कारखान्याच्या चिमणीतल्या धुराच्या मोजणीचा, अहवाल हाती आला की नजर थेट शेवटच्या रकान्यावर जाते. धूळ घनमीटरमागे ४० मिलिग्रॅम, मर्यादा ५०, विषय संपला. त्या ४० वर किती विसंबायचं हे मात्र आधीच्या रकान्यांत ठरतं: तापमान, वेग, ओलावा, ऑक्सिजन, नोजलचा (नमुना ओढणाऱ्या नळीच्या तोंडाचा) व्यास. ते कोरे असतील तर अहवाल सरळ परत पाठवावा.

आधी ऑक्सिजन. घातक कचरा जाळणाऱ्या भट्टीची (इन्सिनरेटरची) ५० मिलिग्रॅमची मर्यादा ११ टक्के ऑक्सिजनला धरलेली आहे. चिमणीत १५ टक्के ऑक्सिजन असताना ४० मिलिग्रॅम मिळाले, तर हिशोब असा: ४० गुणिले (२१ वजा ११) भागिले (२१ वजा १५), म्हणजे ६६.७; यातला २१ हा हवेतल्या ऑक्सिजनचा टक्का. भट्टीत जास्तीची हवा घुसली की धूर पातळ होतो आणि आकडा देखणा दिसतो. ही दुरुस्ती ते झाकण काढते. प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात कुठला संदर्भ ऑक्सिजन लिहिलाय ते आधी पाहा, कारण तो उद्योगागणिक बदलतो.

सामान्य घनमीटर, म्हणजे ठरावीक तापमान-दाबाला आणून मोजलेला घनमीटर, हाही घोळाचा मुद्दा आहे. आपल्याकडे तो २५ अंश सेल्सिअस, ७६० मिलिमीटर पारा आणि कोरडा वायू असा धरतात. बाहेरून आलेल्या अनेक यंत्रांत ० अंश भरलेलं असतं. तीच धूळ मग २९८/२७३ पट, म्हणजे ९ टक्के जास्त दिसते: ४७ चे ५१ होतात आणि नसलेलं उल्लंघन कागदावर येतं.

नमुना कुठून घ्यायचा त्या जागेबद्दल नियम स्पष्ट आहे. धूर आणणारी डक्ट जिथे चिमणीला मिळते तिथून वर किमान ८ व्यास, आणि चिमणीच्या तोंडापासून खाली किमान २ व्यास. १.२ मीटर व्यासाच्या चिमणीत पोर्ट (नमुन्याचं भोक) डक्टच्या ९.६ मीटर वर हवं. डक्ट चौकोनी असेल तर व्यास म्हणून २ × लांबी × रुंदी भागिले (लांबी अधिक रुंदी) घ्यायचं. चढायला सोपं म्हणून पोर्ट खाली पाडलं तर तिथे प्रवाह भोवरत असतो आणि धूळ एका बाजूला साचून वाहते. भोवरा ओळखायला पिटॉट ट्यूब (दाबातल्या फरकावरून वेग मोजणारी नळी) ९० अंशांत आडवी फिरवा. दाबातला फरक शून्य आला नाही तर प्रवाह सरळ नाही. पक्की शिडी, रेलिंग आणि माणूस नीट उभा राहील असा प्लॅटफॉर्म ही कारखान्याचीच जबाबदारी आहे. जिथे उभं राहायलाच भीती वाटते तिथे कुणी नीट मोजत नाही.

आता आयसोकायनेटिक, म्हणजे समान वेगाने नमुना ओढणं. नोजलमध्ये शिरणाऱ्या वायूचा वेग चिमणीतल्या वेगाइतकाच हवा. ९० ते ११० टक्के चालतं. पंप कमी ओढत असेल तर वायू नोजलला वळसा घालतो, पण जड कण सरळ आत जातात आणि धूळ जास्त भरते. पंप जास्त ओढत असेल तर उलट: आजूबाजूचा वायू आत येतो, जड कण मागे राहतात आणि धूळ कमी भरते. जास्त ओढीचा अहवाल नेहमी चांगला दिसतो, म्हणूनच तो बारकाईने तपासायचा. उदाहरणार्थ वेग १२ मीटर प्रति सेकंद, तापमान १५० अंश, नोजल ६.३५ मिलिमीटर: चिमणीच्या तापमानाला प्रवाह मिनिटाला सुमारे २२.८ लिटर. ओढलेला वायू मोजणाऱ्या मीटरपाशी ३० अंशांना तो १६.३ होतो आणि १० टक्के ओलावा वजा केला की १४.७. अहवालात याच परिस्थितीला २२ लिटर लिहिले असतील तर तापमानाची दुरुस्ती केलेलीच नाही आणि ओढ दीडपट झाली आहे. गळती चाचणी सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही वेळा हवी.

फेब्रुवारी २०१४ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने १७ अतिप्रदूषणकारी उद्योग-प्रकारांत ऑनलाइन यंत्रणा (सतत मोजून आकडे मंडळाच्या सर्व्हरला पाठवणारी) बसवून घेण्याचे निर्देश राज्य मंडळांना दिले. चिमणीवरचा प्रकाशावर चालणारा धूळमापक मात्र धूळ तोलत नाही, प्रकाश मोजतो. मिलिग्रॅममध्ये आकडा हवा तर कमी, मध्यम आणि पूर्ण लोडला हाताने आयसोकायनेटिक नमुने घेऊन त्याचं गणित बसवावं लागतं. कोळशावरून बगॅसवर (उसाच्या चिपाडावर) गेलात की कणांचा आकार आणि रंग बदलतो, जुनं गणित बाद होतं. ओल्या स्क्रबरनंतर (पाण्याने धूर धुणाऱ्या यंत्रानंतर) तर ही यंत्रं बसवूच नयेत. पाण्याचे थेंब धूळ म्हणून मोजले जातात. काच स्वच्छ ठेवणाऱ्या हवेचा (पर्ज एअरचा) फिल्टर तुंबला की काच काळी पडते. आरपार प्रकाश पाहणाऱ्या यंत्रात त्यामुळे आकडा चढतो आणि लगेच लक्षात येतं. विखुरलेला प्रकाश पाहणाऱ्यात आकडा उतरतो, आणि महिनोन्‌महिने कुणाला पत्ता लागत नाही.

वायूंच्या विश्लेषकात चिमणीतून नमुना आणणारी तापवलेली नळी एखाद्या क्लँपपाशी थंड राहिली तरी तिथे पाणी धरतं आणि सल्फर डायऑक्साइड त्यात विरघळतो. कॅलिब्रेशन गॅस (यंत्र पडताळण्याचा, प्रमाण माहीत असलेला वायू) विश्लेषकाच्या मागून देऊन भागत नाही. तो प्रोबपाशी (चिमणीतल्या नमुना घेणाऱ्या टोकाशी) द्यावा, तरच नळीची गळतीही पकडली जाते. ऑक्सिजन त्याच नमुन्यातून मोजत असाल तर हवेच्या गळतीचा परिणाम दुरुस्तीत निघून जातो. ऑक्सिजनचा प्रोब वेगळा, थेट चिमणीत असेल तर गळती तुमचा आकडा खोटा खाली आणते. प्लांट बंद असताना फुकटात एक परीक्षा होते: चिमणीत ताजी हवा भरली की ऑक्सिजन २०.९ कडे आणि सल्फर डायऑक्साइड शून्याकडे गेला पाहिजे. पंखा बंद असूनही धूळ ३८ वर ठाम असेल तर यंत्र तपासायला घ्या.

सर्व्हरवरच्या आकड्यावरून इशारा येतो. न्यायालयात उत्सर्जनाच्या नमुन्याचा निष्कर्ष मात्र हवा कायदा, १९८१ च्या कलम २६ प्रमाणे नमुना घेतला तरच पुरावा ठरतो: तिथल्या तिथे सूचना, मालक किंवा त्याच्या प्रतिनिधीसमोर नमुना, सीलबंद डब्यावर दोघांच्या सह्या आणि विनाविलंब प्रयोगशाळेत रवानगी. मालक मुद्दाम हजर राहिला नाही किंवा त्याने सही नाकारली तरी नमुना बाद होत नाही; घेणारा अधिकारी स्वतःच्या सहीने सील करून पाठवतो. म्हणून त्या वेळी हजर राहावं आणि वेग, तापमान, ऑक्सिजन आपल्याही वहीत उतरवून घ्यावेत.