बाईच्या भल्याचा नियम

“मॅडम, नियम बायकांच्या भल्यासाठीच केलेला. मग कोर्टाला त्यात भेदभाव कुठून दिसतो?” सोलापुरात कामगारांच्या केसेस चालवताना हा प्रश्न मला पक्षकार विचारतात, लॉ कॉलेजच्या मुलीही विचारतात. आता तुम्ही विचारलंत, म्हणून लिहिते.

आपल्या सोलापूरच्या पूर्वभागातल्या, विडी कामगारांच्या वस्तीतलंच बघा. विडी कामगारांच्या १९६६च्या कायद्याने बाईला कारखान्यात संध्याकाळी ७ ते सकाळी ६ कामाला बंदी घातली. पण राहतं घर त्याच कायद्याने ‘औद्योगिक जागे’तून वगळलं. त्यामुळे पान-तंबाखू घरी आणून, पोरं झोपल्यावर सूप मांडीवर घेऊन ती रात्री ११ पर्यंत विड्या वळत बसली, तर कायद्याची हरकत नव्हती. तिची झोप वाचली नाहीच.

गिरण्यांना लागू असलेल्या १९४८च्या कारखाना कायद्यातही अशीच रात्रीची बंदी होती. मद्रास उच्च न्यायालयाने ती २००० साली घटनाबाह्य ठरवली आणि बायकांच्या सुरक्षिततेची जबाबदारी मालकावर टाकली.

खरी अडचण झाली ती घटनेच्या कलम १५ मधल्या ‘केवळ’ या शब्दाची. केवळ लिंगावरून भेदभाव नको, असं ते कलम म्हणतं. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना पहिल्या गरोदरपणात नोकरीतून काढण्याचा नियम होता. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, पण नोकरीच्या पहिल्या ४ वर्षांत लग्न केलं तर नोकरी जाईल, हा नियम राखला. लिंगाला दुसरं कारण जोडलेलं असेल तर तो ‘केवळ’ लिंगावरून भेदभाव नव्हे, असं त्यामागचं वाचन. मला ते कधीच पटलं नाही. बाईच्या लग्नाबद्दलचे समज तिच्या बाई असण्यापासून सुटे काढायचे कसे? घटनेच्या अभ्यासकांनी यावर खूप टीका केली, आणि समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं ठरवणाऱ्या २०१८च्या नवतेज जोहर निकालात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी हे वाचन नाकारलं. त्याआधी २००७ साली, अनुज गर्ग खटल्यात, दारू प्यायला देणाऱ्या जागी बायकांना नोकरी नाकारणारा जुना कायदा रद्द झाला होता. बाईला घरी बसवण्यापेक्षा तिला सुरक्षित ठेवणं सरकारचं काम आहे, हा त्या निकालाचा रोख.

मग बाळंतपणाची पगारी रजा भेदभाव का नाही? कलम १५(३) स्त्रियांसाठी विशेष तरतुदींची मुभा देतं. पण मी पक्षकारांना याहून साधं सांगते : नियमाची किंमत कोण मोजतं ते बघा. रजेची मालक मोजतो. रात्रबंदीची ती मोजते, बुडालेल्या मजुरीतून.

कामगारांच्या सुरक्षेबद्दलच्या २०२०च्या नव्या संहितेत रात्रपाळीसाठी बाईची संमती लागते. नगावर मजुरी घेणारी बाई अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मालकाला ‘नाही’ म्हणू शकेल का, ते मला आता तिथल्या बायकांनाच विचारायचं आहे.